नाण्यांचा वर्षवार यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेला) सेट जमवायचाय? मग आधी हे वाचा

सुरुवात चालू वर्षापासून करा. १९५०पासूनची सगळी वर्षं एकदम भरायला गेलात तर खिसा रिकामा आणि अल्बम अर्धा, असंच होतं.

नाण्यावर वर्षाखालची टांकसाळीची खूण बघायची सवय लावा. हिऱ्यासारखा चौकोन मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. दरवर्षी चारही टांकसाळी प्रत्येक किमतीचं नाणं पाडतातच असं नाही, त्यामुळे रिकामा खण दिसला की लगेच हळहळू नका.

यूएनसी म्हणजे प्रूफ नव्हे. प्रूफ म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेलं नाणं, ते आरशासारखं चकाकतं. यूएनसी नेहमीच्याच ठशातून निघतं, फक्त चलनात फिरलेलं नसतं. पिशवीत एकमेकांवर आपटून पडलेले बारीक ओरखडे त्यावर चालतात. झिजलेले उंचवटे मात्र नाही! दिव्याखाली नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा. चमक चक्राकार सरकली तर ती मूळची. जुन्या बाजारात ‘एकदम कोरं’ म्हणून गळ्यात मारलेलं बरंचसं नुसतं घासलेलं असतं, तिथे ही चमक मेलेली दिसते.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट यातलं काहीही लावायचं नाही. कडेला धरायचं, बस्स. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यानं हिरवट चिकट थर धरतो. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. सीलबंद सेट मात्र फोडू नका, कितीही हात शिवशिवले तरी.