मुलगा पन्नासपर्यंत आकडे म्हणतो, पण पाच वस्तू मागितल्या की मूठभर देतो. समज कमी आहे का?

नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाचं हे वयाला धरूनच आहे. तुम्ही लिहिलंय की शाळाप्रवेशाच्या वेळी "पाच ठोकळे दे" म्हटल्यावर त्याने हाताला लागतील तेवढे दिले आणि "पाठ आहे, पण कळत नाही" असा शेरा मिळाला. शेरा खरा असेलही. फक्त तो या वयाच्या पुष्कळ मुलांना लागू पडतो, हेही त्याच वेळी सांगायला हवं होतं.

'एक दोन तीन चार' हा आधी नुसता ओघ असतो, शुभंकरोतीसारखा. कुठल्या शब्दाचा अर्थ किती, हे मागाहून एकेक करून कळतं. कॅरेन विन या संशोधिकेने १९९० आणि १९९२ च्या अभ्यासांत हे फार सुरेख दाखवलं. मूल आधी फक्त 'एक' शिकतं. एक मागितला की बरोबर एकच देतं. दोन, पाच, सात काहीही मागा, मूठभर देतं, पण एक कधीच देत नाही. म्हणजे 'दोन' हा संख्येचा शब्द आहे आणि तो 'एक' नव्हे, एवढं त्याला कळलेलं असतं. काही महिन्यांनी 'दोन' पक्का होतो, मग 'तीन', काहींचा 'चार'. त्यानंतर 'पाच' वेगळा शिकावा लागत नाही. मोजताना शेवटी जो शब्द आला तेवढ्या वस्तू, ही गोष्ट लक्षात येते आणि मग पाच, सहा, सात सगळेच एकदम सुटतात. विन यांच्या मुलांना 'एक'पासून इथवर यायला साधारण वर्ष लागलं. तुमचा मुलगा या वाटेवर कुठेतरी आहे. कुठे, ते घरी बघता येतं.

एका वाडग्यात पंधराएक सारख्या वस्तू घ्या. ठोकळे नकोत. मराठीत 'एक ठोकळा' पण 'दोन ठोकळे', त्यामुळे शब्दाचं रूपच एक की अनेक ते सांगून टाकतं. दगड घ्या: 'एक दगड', 'दोन दगड', रूप बदलत नाही. लिंबाएवढे असू द्या, म्हणजे तोंडात जायची भीती नाही. समोर बाहुली बसवा आणि म्हणा, "बाहुलीला एक दगड दे." मग दोन. बरोबर दिले की पुढची संख्या, चुकले की एक पायरी मागे. एखाद्या संख्येला तीनपैकी दोनदा बरोबर आणि त्याच्या पुढच्या संख्येला तीनपैकी दोनदा चूक, असं झालं की थांबा. आणखी एक अट आहे, ती लोक विसरतात: तीन मागितल्यावरच तीन मिळायला हवेत. चार मागितले तरी तीन आणि पाच मागितले तरी तीन देत असेल, तर त्याला तीन येत नाही.

"किती आहेत?" एवढंच विचारून भागत नाही. पाच दगडांवर बोट ठेवत मूल नीट "एक, दोन, तीन, चार, पाच" म्हणतं. "मग किती आहेत?" विचारा, ते पुन्हा पहिल्या दगडावर बोट ठेवून एकपासून सुरू करतं. हा हट्ट नव्हे. त्याच्या दृष्टीने 'किती' म्हणजे 'मोज'. उलट काही मुलं शेवटचा शब्द सवयीने सांगतात, आपण खूश होतो, आणि तीच मुलं "पाच दे" म्हटल्यावर आठ देतात. म्हणून वस्तू मागूनच बघायचं.

चाचणी बहुतेक वेळा मोठी माणसंच बिघडवतात. आपण बोटं दाखवतो, तीन दगड झाले की मान हलवतो, हात पुढे करून नेमक्या वेळी मागे घेतो. मूल आकड्याकडे नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघून थांबतं. सर्वांत वाईट म्हणजे चुकल्यावरच "नक्की?" विचारायचं. विचारायचं तर प्रत्येक वेळी विचारा, बरोबर असतानाही. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगातही हाच पेच होता. बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, "दोन्हीकडे सारखी आहेत का?" विचारायचं, एक ओळ लांबवायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. पाच वर्षांची पुष्कळ मुलं म्हणतात, लांब ओळीत जास्त. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक यांनी पहिला प्रश्न गाळून फक्त शेवटी एकदा विचारलं, तर जास्त मुलं बरोबर आली. त्याच वर्षी मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ स्वतः न हलवता एका 'खोडकर' टेडी अस्वलाकडून विस्कटवली, तेव्हाही तसंच झालं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं. प्रवेशाच्या मुलाखतीत परक्या खोलीत एकदाच विचारून मिळालेल्या उत्तराला मी काडीची किंमत देणार नाही.

करायचं काय? आकडे म्हणून घेणं थोडे दिवस बंद करा. आधी संख्या सांगा, मग लगेच मोजा: "या तीन पोळ्या. एक, दोन, तीन." केली मिक्स या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर हे तपासलं. नुसतं मोजून किंवा नुसती संख्या सांगून नव्हे, दोन्ही लागोपाठ केल्याने फरक पडला. समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दलच बोला आणि चारच्या पुढेही जा. ताटातली भजी, जिन्याच्या पायऱ्या, वाळत घातलेले मोजे, काहीही चालेल.

आता त्या 'पन्नासपर्यंत'बद्दल, कारण घरोघरी हेच कौतुकाने सांगितलं जातं. मराठीत पन्नासपर्यंत जाणं ही स्मरणशक्तीची केवढी कसरत आहे, ते बघा. दोनचं रूप बारात 'बा', बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', ब्याण्णवमध्ये 'ब्या'. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत नवाच्या जागी पुढच्या दशकातून एक वजा, आणि नव्याण्णवला तो नियमही मोडतो. शिवाय एकक आधी, दशक नंतर. पहिली-दुसरीत 'त्रेपन्न' ऐकून मूल ३५ लिहितं. आधी 'त्रे' ऐकलं, म्हणून आधी ३. 'एकोणसाठ' ऐकून ६ लिहून पेन्सिल अडते, कारण कानावर साठ आलं आणि लिहायचे आहेत ५९. याला बेसावधपणा म्हणून ओरडतात, तेव्हा मला खरोखर त्रास होतो.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' आलं, तेव्हा त्याची चेष्टा झाली, वाद विधिमंडळात गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपी वाट जोडीला दिली आहे. 'मराठी बुडाली' म्हणणाऱ्यांशी मी तेव्हापासून भांडते आहे आणि त्यांच्यापैकी कोणी पुरावा दिलेला नाही. पुरावा दुसऱ्या बाजूला आहे. जर्मनमध्येही एकक आधी येतो. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांनी ऐकून आकडे लिहिताना केलेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या (२००९). चेक भाषेत तर दोन्ही पद्धती नांदतात, 'वीस पाच' आणि 'पाच-आणि-वीस'. तीच मुलं, तेच आकडे, आणि उलट्या नावाला चुका जास्त (२०११). चिनीत अकराला 'दहा एक' म्हणतात. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की दहापर्यंत चिनी आणि अमेरिकन मुलं बरोबरीने मोजतात, फरक अकराच्या पुढे पडतो. नॉर्वेत १९५१ मध्ये 'एक-आणि-वीस' बदलून 'वीस-एक' अधिकृत झालं. बोलण्यात जुनी रूपं आजही टिकून आहेत, भाषा बुडालेली नाही. तुमचा मुलगा पहिलीत जाईल तेव्हा ५३ लिहिताना "पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न" असं दोन्ही म्हणा. कोणी हसलं तर हसू द्या.

दोन गोष्टी राहिल्या. वर सांगितलेला वर्षभराचा काळ परदेशातल्या मुलांचा आहे. बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी जमातीच्या मुलांमध्ये पायऱ्या त्याच दिसल्या, पण बऱ्याच उशिरा. तेव्हा महिने मोजत बसू नका. आणि उलटापालटीच्या चुका बहुतेक मुलांच्या सरावाने जातात, 'वीस एक' नसेल तर मूल गणितात मागेच पडेल असं मी म्हणत नाही. मात्र पाच वर्षं होत आली तरी दोन आणि तीन पक्के नसतील, शिवाय वाक्यं तुटक असतील किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर आधी कान तपासून घ्या आणि मग मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवा.