इन्फेक्शन नाही, मग रोज संध्याकाळी ताप कशाचा?

ताई, तुमच्या दादांच्या बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आला. संध्याकाळी ताप, रात्री पिळून काढावा इतका बनियन ओला, अंगाला खाज. डॉक्टर म्हणाले ‘साइटोकाइनमुळे’, आणि ऐरोलीच्या शेजारणीने प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा सुचवला. माझ्या मुलाला हाच आजार होता, म्हणून सविस्तर लिहिते.

साइटोकाइन ही प्रथिनं म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. हॉजकिनच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी फार थोड्या, बहुतेकदा शंभरात एक-दोनच. बाकीची गर्दी त्यांनी निरोप धाडून बोलावलेल्या निरोगी पेशींची! इंटरल्यूकिन हा या निरोपांचाच एक गट. त्यातलं इंटरल्यूकिन-५ इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना ओढतं, म्हणून काहींच्या सीबीसीत ते वाढलेले दिसतात. इंटरल्यूकिन-१३ कॅन्सरच्या पेशी स्वतःच सोडतात आणि त्याच्यावरच पोसतात. इंटरल्यूकिन-१० मात्र जमलेल्या पेशींना थंड पाडतं. पहारेकरी दाराशी उभे, पण त्यांना ‘सगळं ठीक आहे’ असं सांगितलेलं.

ताप येतो तो मुख्यतः इंटरल्यूकिन-६ आणि त्याच्या जोडीदारांमुळे. मेंदूतलं शरीराचं तापमान ठरवणारं केंद्र ते वर सरकवतात. यकृतालाही निरोप जातो, मग रक्ततपासणीत सीआरपी आणि ईएसआर हे दाह दाखवणारे आकडे चढतात. यकृतातून हेप्सिडिन हे लोह रोखून धरणारं संप्रेरकही वाढतं आणि लोह साठ्यातच अडकून राहतं. माझ्या मुलाला लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन हलत नव्हतं, त्याचं कारण मला फार उशिरा समजलं.

टीबीतही ताप, घाम, वजन घटणं, मानेला गाठ हेच दिसतं. ठाण्यात एका डॉक्टरांनी गाठीचा तुकडा न तपासता मुलाला चार महिने टीबीची औषधं दिली. ते महिने आजही सलतात. तुमची बायोप्सी वेळेत झाली, ही मोठी गोष्ट आहे.

आता काढा. दादांची प्रतिकारशक्ती नुसती ‘कमी’ झालेली नाही, तिचे निरोपच गाठीने ताब्यात घेतलेत. तिला आणखी चेतवून ते सुटत नाहीत. शिवाय गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय, आणि केमोची काही औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. काढा नकोच. जे काही द्याल ते आधी ऑन्कोलॉजिस्टना विचारून.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रातल्या कार-टी उपचारांबद्दलही तुम्ही विचारलंत. त्यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या त्या थेरपीचा रोख बी-पेशी या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी१९ या खुणेवर आहे. हॉजकिनच्या पेशींवर ती खूण सहसा नसते, म्हणून दादांना ती लागू नाही.

केमो लागू पडली की हा ताप बहुधा लवकर उतरतो. माझ्या मुलाचा पहिल्या सायकलनंतरच गेला. पण केमो सुरू झाल्यावर ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर ‘साइटोकाइनचाच असेल’ म्हणून घरी थांबू नका. तेव्हा पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि इन्फेक्शन काही तासांत जिवावर बेतू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा आणि निघा.