टोर्नेडो आणि हरिकेनमध्ये फरक काय? कसे तयार होतात?

प्रश्नाखाली लिहिलंय, "आपल्याकडे असलं काही येत नाही, पण माहिती म्हणून विचारतोय." हे वाचलं आणि राहवलं नाही. मी श्रीवर्धन तालुक्यातला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलंय.

आधी उत्तर उरकतो. हरिकेन, टायफून, चक्रीवादळ सगळं एकच, समुद्र बदलला की नाव बदलतं. पाणी साडेसव्वीस डिग्रीच्या वर तापलेलं लागतं, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, तेव्हा उष्णता सोडते, त्याने हवा आणखी वर चढते, खाली दाब कमी होतो आणि चहूकडून वारा आत धावतो, पृथ्वी फिरते म्हणून तो गोल वळतो. पसारा शेकडो किलोमीटरचा, आणि येतंय हे निदान दोन-तीन दिवस आधी कळतं. टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो. खालचा आणि वरचा वारा वेगळ्या दिशेने, वेगळ्या वेगाने वाहत असला की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरते, ढगात वर चढणारा झोत तिला उभी करतो. बहुतेक वेळा रुंदी काहीशे मीटरच्या आतच आणि दहा मिनिटांत खेळ खलास, पण वारा ताशी 300 किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. आणि ही अमेरिकेची मक्तेदारी नाही, सगळ्यात जास्त माणसं गेली ती बांगलादेशात, एप्रिल 1989 मध्ये, तेराशेच्या आसपास.

आता निसर्गमध्ये आमच्या घरावरचे पत्रे कसे गेले ते. दादा मुंबईला असतो, त्याने 2017 ला घरावरची मंगलोरी कौलं काढून पत्रे टाकले. कारण माकडं. तो त्रास खराच होता, दर मे महिन्यात शंभरेक कौलं बदलायला लागायची. माझं म्हणणं एवढंच होतं की पत्रा टाकतोस तर हुक जवळजवळ मार, निदान कडेला तरी. तर म्हणे, "अरे कुठे उडतायत, वजन बघितलंस का?"

निसर्ग आलं त्या दिवशी सकाळपासून वारा डोंगराकडनं होता. अकरानंतर पोफळी धनुष्यासारख्या वाकायला लागल्या, शेंडे एकमेकांवर आपटत होते. पडवीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याचा एक हुक निखळला आणि तिथनं टिचभर आभाळ दिसायला लागलं. दर झोताला पत्रा उचलायचा, आपटायचा, टिचभराचं वीतभर झालं. मी आईला घेऊन माजघरात माळ्याखाली बसलो, आणि मग एकदम तीन पत्रे गेले, आवाज असा की झाड पडलं की घर कळेना. दुपारनंतर वारा फिरून दर्याकडनं आला आणि उरलेले पण गेले. एक पत्रा शेजाऱ्यांच्या माडाला कागदासारखा गुंडाळलेला सापडला.

लोकांना वाटतं वारा छप्पर दाबतो. उलट आहे, तो उचलतो. छपरावरून जाताना वेग वाढतो, वरचा दाब कमी होतो, दाराखिडकीतून आत घुसलेला वारा खालनं ढकलतो. म्हणून पहिली जाते ती कड आणि कोपरा. दादाने हुक वाचवले ते नेमके तिथेच!

वाडीतल्या अर्ध्याहून जास्त पोफळी मोडल्या. रोठा सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि भरपाई ठरली हेक्टरी 50,000, इथे वाड्या गुंठ्यात. दहा गुंठ्यांचे किती होतात तुम्हीच काढा. वीज यायला पुढे कित्येक दिवस गेले. मुंबईत त्या संध्याकाळी "वादळ हुकलं" म्हणून हायसं वाटलं सगळ्यांना. हुकलं नव्हतं, आमच्याकडे आलं होतं. आपल्या गोलार्धात वादळाच्या उजव्या अंगाला (ते सरकतंय तिकडे तोंड केलं तर उजवीकडे) जोर जास्त, कारण फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग तिथे एकत्र होतात. मुंबई डाव्या अंगाला राहिली.

तर समुद्राकाठी घर असेल तर पावसाळ्याआधी शिडी लावून हुक बघा, गंजलेले बदला, कडेला दुप्पट मारा. मुंबईतनं फोनवर सांगणाऱ्याचं ऐकू नका.

एक कबूल करायला हवं, गावात कौलारू घरांची कौलं पण गेलीच, ज्यांच्यावर माड पडला त्यांचं काहीच राहिलं नाही. नवे पत्रे मी स्वतः उभं राहून स्क्रूने बसवून घेतले, 2021 च्या तौक्तेमध्ये एक हलला नाही. दादा म्हणतो ते वादळ समुद्रातूनच वर गुजरातला गेलं, ती काय परीक्षा झाली का. आता परत वादळ बोलवू की काय याच्यासाठी?