नाशिक ते ऑकलंड: किती लांब, किती तास, कुठल्या वाटेने

तुम्ही विचारलंत, नाशिकहून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला बिऱ्हाड हलवतोय, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. अंतर किती, विमानात किती तास जातात, आणि दुबईमार्गे तिकीट स्वस्त मिळतंय तर घ्यावं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: घेऊ नका.

मुंबई ते ऑकलंड सरळ अंतर सुमारे 12,300 किलोमीटर. थेट विमान सध्या नाही. सिंगापूर मात्र जवळजवळ त्याच रेषेवर येतं. मुंबई ते सिंगापूर 3,900, तिथून पुढे 8,400, म्हणजे वळसा नसल्यातच जमा. दुबईला जाल तर आधी 1,900 किलोमीटर उलट दिशेला आणि मग 14,200 किलोमीटरचा एकच टप्पा, सोळाएक तासांचा. एवढ्याशा पोरीला सोळा तास एका जागी बसवायचं म्हणजे तिचे हाल आणि तुमचेही. वाचलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

सिंगापूरमार्गे पहिला टप्पा साडेपाच तासांचा, दुसरा साधारण दहाचा. परतीला हा दुसरा टप्पा थोडा लांबतो, कारण पश्चिमेचे वारे समोरून येतात. पण हिशोब घरच्या उंबऱ्यापासून करा. कसारा घाट उतरून मुंबई गाठायला चारेक तास, तीन तास आधी विमानतळावर हजर, सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तीन तास थांबणं. सगळं धरून पंचवीस-सव्वीस तास होतात. मुंबईहून रात्रीचंच विमान धरा, मुलगी पहिला टप्पा झोपेत काढेल. दोन वर्षांपुढच्या मुलांना स्वतंत्र सीट घ्यावीच लागते, तेव्हा तिला खिडकी द्या.

तिकीट एकाच बुकिंगवर काढा. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेला टॅग वाचून बघा, त्यावर ऑकलंडचा 'एकेएल' (AKL) कोड हवा. दोन वेगळी तिकिटं असली तर सिंगापूरला सामान घ्यायला बाहेर पडावं लागू शकतं आणि तिथे व्हिसाचा प्रश्न येतो. सिडनी-मेलबर्नमार्गे यायचं झालं तर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे तिथे फक्त विमान बदलण्यापुरता व्हिसा, आधी काढून ठेवावा लागतो, त्याला पैसे मात्र पडत नाहीत.

न्यूझीलंडचं डिक्लेरेशन, म्हणजे देशात शिरताना सोबत काय आणलंय ते सांगणारा फॉर्म, ऑनलाइन भरायचं असतं, तेही मोफत. त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा: मसाला, लोणचं, आईने दिलेले लाडू, सगळं. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेली सापडली तर 400 डॉलर दंड. मध आणूच नका. बुटांचे तळवेही तपासतात, त्यामुळे द्राक्षबागेत जाऊन आला असाल तर माती खरवडून, धुऊन, वाळवूनच बूट बॅगेत भरा.

आता आई-वडिलांचं. ऑकलंड भारताच्या साडेसहा तास पुढे असतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेसात. तुमची सकाळ म्हणजे नाशिकची ऐन मध्यरात्र, म्हणून फोन संध्याकाळी करा, तिकडे दुपारची जेवणं चाललेली असतात. आणि घरून वाईट निरोप आला तर ताबडतोब निघालात तरी पोचायला दीड दिवस जातो, हे दोघांनी आत्ताच मनाशी स्वीकारा. त्यासाठी दोन गोष्टी तयार हव्यात. व्हिसावर बाहेर जाऊन परत येण्याची मुभा कुठल्या तारखेपर्यंत आहे ते तपासून लिहून ठेवा, आणि ऐनवेळच्या तिकिटापुरते पैसे पहिल्या पगारापासून बाजूला टाकायला लागा.