पाटावरचं पिस्तूल, ड्रॉवरमधलं पिस्तूल

टेक्सासहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. ग्रीन कार्डासाठी अकरा वर्षं रांगेत काढलेल्या माणसांची पत्रं अशीच लांब असतात; सगळे कागद जोडायची सवयच लागते ना! त्यातलं थोडंच इथे देते.

"मावशी, आमचं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी झालं आणि तीन महिन्यांच्या आत नवऱ्याने पिस्तूल घेतलं. आमच्या वसाहतीत दोन घरं फोडली, हे कारण. दसऱ्याला लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्यांशेजारी त्याने ते पाटावर मांडलं. सासूबाई भारतातून आल्या आहेत. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा.

आमच्या मराठी ग्रुपमध्ये चार जणांकडे बंदुका आहेत आणि चौघांची चार मतं. एक जण हरणांच्या शिकारीला जातो. तो म्हणतो, खाजगी विक्रीलाही घेणाऱ्याच्या पूर्वइतिहासाची तपासणी हवी. दुसरा नुकताच नागरिक झालाय, त्याला सेकंड अमेंडमेंट, म्हणजे राज्यघटनेतली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती, तोंडपाठ. तो म्हणतो, एक कायदा मान्य केला की मागोमाग दहा येतात. डॉक्टर मैत्रिणीने २०२० साली घेतली, तिला गाडीसारखं लायसन्स हवंय. माझा नवरा म्हणतो, आहेत तेच कायदे नीट पाळा. गणपतीच्या जेवणात एवढं वाजलं की आरतीला दोन गट दोन भिंतींना उभे. मी कोणाची बाजू घेऊ?"

आणि मग तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता: "पिस्तूल बेडरूममध्ये त्याच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये असतं. मुलं तेरा आणि सहा वर्षांची आहेत. हात लावायचा नाही असं सांगून ठेवलंय."

अगं बाई, मतभेदांना तीन पानं आणि ड्रॉवरला एक ओळ? मी तर त्या ओळीपाशीच अडकले आहे. बाकीचं पत्र नंतर वाचलं, खरं सांगते.

"सांगून ठेवलंय." हे दोन शब्द मी आधीही ऐकलेत. आम्ही तेव्हा ओहायोत नवे होतो. मुलगा सात वर्षांचा, मित्राकडे खेळायला गेला होता. पाठवण्याआधी मी त्याच्या आईला सगळं विचारलं होतं: कुत्रा आहे का, मागे पोहण्याचा तलाव आहे का, जेवणात गोमांस नको. संध्याकाळी वरणभात कालवताना पोरगं म्हणतं, "आई, खरी बंदूक खूप जड असते गं." माझा हात ताटातच राहिला. गादीखालून काढून दाखवली होती मित्राने. त्या बाईला फोन केला तर ती रडायलाच लागली, आणि रडत रडत म्हणाली काय, तर आम्ही त्याला सांगून ठेवलं होतं. वाईट घर नव्हतं ते. पुढे आमची चांगली मैत्री झाली. पण त्या दिवसापासून मुलाला कुठेही पाठवताना कुत्र्याच्या आणि तलावाच्या प्रश्नात मी तिसरा प्रश्न घातला: तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का? पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली. दुसऱ्यांदा कमी अडखळली. एकानेही राग मानला नाही. उलट शिकारी घरातल्या बापाने मला तळघरात नेऊन तिजोरीच दाखवली, कौतुकाने, आपण नवं स्वयंपाकघर दाखवतो तशी.

तुझ्या घरी येणाऱ्या मुलांच्या आयांनी हा प्रश्न तुला विचारला तर आज काय उत्तर देशील?

तेव्हा आधी पिस्तुलाचं खोकं शोध. परवानाधारक दुकानदाराने पिस्तुलासोबत कुलूप किंवा तसं काही सुरक्षेचं साधन देणं २००५ च्या फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक त्या खोक्यात, माहितीपत्रकाखाली, प्लॅस्टिक चढवलेली एक तार आणि छोटं कुलूप सापडेल. मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढायचं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवायची, आत डोळ्यांनी बघायचं, तार वरच्या खिडकीतून घालून मुठीतून खाली काढायची आणि कुलूप लावायचं. आत बघायचं हे मी उगाच नाही सांगत. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा पुष्कळांचा समज असतो. नळीच्या मागच्या घरात एक गोळी राहिलेली असू शकते. हे काम नवऱ्याला करू दे, तू शेजारी उभी राहा.

तो म्हणेल, चोर आल्यावर तार सोडवत बसू का? रास्त प्रश्न आहे. त्यासाठी बोटाने किंवा आकड्यांनी काही सेकंदांत उघडणारी छोटी तिजोरी मिळते. ती पलंगाला नाहीतर भिंतीला बोल्टने पक्की कर. आकडे मात्र मुलांच्या वाढदिवसाचे नकोत. तेरा वर्षांच्या मुलाला तुमच्या फोनचा पासवर्ड माहीत असतो, हे तुम्हा दोघांनाच काय ते माहीत नसतं.

मग तो वकिलीवर येईल. म्हणेल, हेलर खटल्यात २००८ साली सुप्रीम कोर्टाने राजधानी वॉशिंग्टनचा घरातल्या बंदुकीला कुलूप लावायची सक्ती करणारा नियम उडवला. खरंय. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं कोर्टाने म्हटलं, आणि त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही म्हटलं. पण कोर्टाने सरकारला अडवलंय, बायकोला नाही. शिवाय टेक्सासचा स्वतःचा कायदा आहेच: निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली, तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. "आहेत तेच कायदे पाळा" असं त्याचंच मत ना? मग ड्रॉवरपासून सुरुवात करू दे.

मला धाकट्यापेक्षा थोरल्याची काळजी जास्त वाटते. सहा वर्षांचा कुतूहलाने हात लावेल. तेराव्या वर्षी कुतूहल नसतं, दार आपटून आत जाणं असतं. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीने सुमारे ४८,००० माणसं गेली, त्यातली सुमारे २७,००० आत्महत्या होत्या. टीव्हीवर दिसतात ते शाळांमधले गोळीबार. आत्महत्येचं हे मरण घरातल्या घरात होतं आणि कोणी बोलत नाही. आपल्यात तर नाहीच नाही. तुझा मुलगा तसा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. वाईट घटका कोणावरही येते आणि बहुतेकदा निघूनही जाते, ती जाईपर्यंत मध्ये कुलूप हवं, एवढंच. कधी काही शंका आलीच तर ९८८ हा अशा वेळच्या मदतीचा नंबर आहे, फोन करायला संकोच नको.

भाऊकाकांची गोष्ट सांगते आणि कुलूपपुराण आवरते. कोकणात आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, रानडुकरांसाठी. बंदूक माजघरात खुंटीला, पण काडतुसं कुलूपबंद ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली काकूच्या कमरेला. काकांना डुकरं हाकायची तर आधी काकूला उठवावं लागे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. नेमकी त्याच दिवसांत डुकरं शेतात घुसत आणि काका सरकारच्या नावाने खडे फोडत. बंदुकीच्या कायद्यांचा एवढा राग असलेला माणूस मी टेक्सासमध्येही पाहिला नाही. पण किल्ली त्यांनी कधी मागून घेतली नाही.

आता तुझे चार मित्र. बंदूकवाल्यांची मतं वेगळी निघाली याचं तुला नवल का वाटावं? प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. एवढी माणसं एका सुरात कशी बोलतील? एनआरएचंच बघ, बंदूकवाल्यांची ती मोठी संघटना. १८७१ मध्ये निघाली ती नेमबाजी सुधारायला. आजचा कडक सूर १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनापासूनचा, तोही सभासदांनी जुन्या नेत्यांना खाली खेचून लावलेला. तुमचा शिकारी मित्र म्हणतो त्यातही तथ्य आहे: दुकानात फॉर्म भरून तपासणी होते, पण टेक्सासमध्ये एका खाजगी माणसाने दुसऱ्याला विकली तर तपासणीची सक्ती नाही. आणि नव्या नागरिकाची भीतीही खोटी म्हणता येत नाही, त्याच्यासारखं मानणारे लाखो आहेत. बाजू तुला हवी ती घे. नाहीतर घेऊच नको. पुढच्या जेवणाला मात्र चौघांना एवढंच विचार: तुमची कुठे असते? माझा अंदाज आहे, मतांनी टोकाचे दोघे उत्तराने अगदी जवळ निघतील.

नणंदेचं विचारलंयस. ती एफ-१ वर शिकायला आलीय आणि नवरा तिला नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं म्हणतोय. नेऊ नका. एफ-१, एच-१बी, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने हातात घेणंही त्यातच मोडतं. राज्याच्या शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. दोन तासांच्या मजेसाठी पोरीचा व्हिसा धोक्यात घालायचा का?

सासूबाईंना तिजोरी बसवल्यावर हाताने उघडून-लावून दाखव, झोप लागेल त्यांना. नातेवाइकांना काय सांगायचं, तर काहीच सांगायचं नाही.

आणि डिसेंबरात भारतात जाणार आहात म्हणतेस. नवरा रेंजवर नेतो ती बॅग सामानात घेऊ नका. घ्यायचीच झाली तर आधी उलटी करून झटका, प्रत्येक चेन उघडून आत बोटं फिरवा. विसरलेलं एकच काडतूस भारताच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं, तर १९५९ चा शस्त्र कायदा लागतो. आमच्या जावेच्या मुलाची अख्खी रात्र त्यात गेली, आणि खाली लग्नाची गाडी त्याची वाट बघत उभी.