केबल ओढणाऱ्याला मुंबईत काम आहे का?

प्रश्न : आयटीआयमधून कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्कचा ट्रेड केलाय. डोंबिवलीत वायफाय बसवून देतो. मुंबईत पक्की नोकरी मिळेल, की पुण्याला जाऊ? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुण्याचं तिकीट इतक्यात काढू नकोस. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजारही इथलेच. म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली इथे डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर ठेवायच्या इमारती, उभी राहिली. ठाण्याला गाडी बदललीस की दिघा गावनंतर ऐरोलीच.

तिथे माणसं बहुधा कंत्राटदारामार्फत घेतात आणि रात्रपाळी चुकत नाही. ऑफर लेटर कुणाच्या नावाचं, पीएफ कोण भरतो, हे आधी विचार. पहिला पगार बेताचाच असेल. डोंबिवलीची गिऱ्हाइकं लगेच सोडू नकोस.

घरचं वायफाय लावता येणं पुरत नाही. फायबर स्प्लायसिंग, म्हणजे काचेच्या तारा जोडणं, हाताने शीक; ओटीडीआर या केबल तपासायच्या यंत्रावर तुटलेली जागा शोधता आली पाहिजे. मग सीसीएनए, हे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र. २०२० पासून त्याची एकच परीक्षा आहे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लासला फी देण्याआधी (मला ती पाटीच खटकते) तिथे प्रत्यक्ष राउटर-स्विच हाताळायला मिळतात का, ते जाऊन बघ.