आमदाराचे खरे काम कोणते आणि सामान्य माणसाने त्यांच्याकडे काय मागावे?

आपण विचारले आहे की, आपल्या मतदारसंघाचे आमदार प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मौतीला हजर असतात, फोनही उचलतात, तरी गावाचे प्रश्न जिथल्या तिथेच आहेत; मग आमदाराचे खरे काम कोणते आणि त्यांच्याकडे नेमके काय मागावे? मी मराठवाड्यातील एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात बरीच वर्षे स्वीय सहायक म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, लोकांच्या दारी जाणे हे आमदाराचे काम आहेच, पण ते निम्मे काम आहे. दारात ऐकलेली अडचण प्रश्न होऊन सभागृहात गेली आणि मंत्र्यांचे उत्तर घेऊन तालुक्याला परत आली, तरच ते काम पुरे झाले असे म्हणता येते.

आमच्या कार्यालयात सकाळपासून माणसे येऊन बसलेली असत. हातातल्या कॅरीबॅगमध्ये सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स आणि बँकेचे पासबुक. कोणाच्या शिवारातील डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, जळालेली असे, कोणाच्या आईचे निराधारचे पैसे बंद झालेले असत, कोणाला मोठ्या दवाखान्यात खाट हवी असे. यातील पुष्कळ कामे फोनवर होतात आणि ती व्हायलाच हवीत, कारण रब्बीचे पाणी चालू असताना ज्याची डीपी जळते त्याला धोरण ऐकायला सवड नसते. मात्र फोनने एकाचे काम होते. पुढच्या आठवड्यात त्याच फीडरवरचा, म्हणजे त्याच वीजवाहिनीवरचा, दुसरा शेतकरी तीच तक्रार घेऊन येतो, तेव्हा प्रश्न त्या डीपीचा नसून वीज उपकेंद्राच्या क्षमतेचा आहे हे ओळखण्याची नजर आमदाराला आणि त्यांच्या कार्यालयाला असावी लागते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या महसुली गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर शेतकरी मदतीस पात्र ठरतो. हा पाऊस मंडळातील स्वयंचलित केंद्रावर मोजला जातो. एका पावसाळ्यात एकाच मंडळातील काही गावांतून लोक येऊ लागले. सोयाबीन पाण्यात उभे, बांध फुटलेले, नदीकाठची माती खरडून गेलेली, पण मंडळाचा आकडा ६५ च्या आतच. तलाठ्याचे म्हणणे होते की आकडाच नाही, तर अतिवृष्टीच्या यादीत गाव घालायचे कसे, आणि तहसीलदारांचेही तेच म्हणणे होते. त्यात त्यांचा दोषही नव्हता, कारण नियम मोडण्याचा अधिकार त्यांना नाही. अशा वेळी तहसीलदारांना फोनवर झापणारा आमदार लोकांना फार आवडतो, पण त्या झापण्याने आकडा बदलत नाही. आमचे आमदार स्वतः त्या केंद्रावर गेले. कुंपणाची जाळी एका बाजूने पडलेली होती आणि वेड्या बाभळीच्या फांद्या थेट पर्जन्यमापकावर आलेल्या होत्या. आम्ही तारखेसह छायाचित्रे घेतली, गावांकडून ग्रामपंचायतीचे ठराव मागवले, ज्या गटांत पाणी उभे राहिले त्यांचे गट क्रमांक लिहून घेतले आणि अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न दिला.

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावे लागते आणि त्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी येते. छापील उत्तरांची ठरलेली भाषा आपण वाचली असेल: ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. आमच्या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले. कागदपत्रे पक्की असल्यामुळे उपप्रश्नात मंत्र्यांना केंद्राच्या पाहणीचे आश्वासन द्यावे लागले. सभागृहात दिलेले आश्वासन हवेत विरत नाही. ते पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते. त्या वर्षीची मदत सर्वांना मिळाली नाही, हे मला आजही सलते. पण केंद्राची जागा बदलली आणि पुढच्या पावसाळ्यात त्या गावांचा पाऊस कागदावर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेड या भागांत जो हाहाकार झाला, तो पाहिल्यावर पावसाची नोंद नीट होणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

आमदाराचे दुसरे मोठे काम कायदे करण्याचे. ते गावात दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. पण जायकवाडीचे पाहा. वरच्या धरणांतून नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी सोडण्याचा जो वाद नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात चालतो, त्यात आपली बाजू कोणाच्या कृपेवर नाही, तर कायद्यावर उभी आहे. विधिमंडळाने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्यात समन्यायी पाणीवाटपाचे कलम घातले. त्याच आधारावर प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचे सूत्र बसवले. रोजगार हमी कायद्याचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मराठवाड्याच्या मजुराला कामाचा हक्क मिळाला तो याच विधिमंडळाने १९७७ मध्ये केलेल्या कायद्यामुळे. विधेयकावर चर्चा चालू असताना आपला आमदार सभागृहात बसला होता का, बोलला का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

निधीबद्दल थोडक्यात. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. आमदार कामे सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मतदारसंघात सव्वाशे गावे धरली तर एका गावाच्या वाट्याला ४ लाख येतात. एवढ्या पैशात सभामंडप किंवा पेव्हर ब्लॉक होतो आणि लोकही बहुधा तेवढेच मागतात. रस्ता, उपकेंद्र, पूल हे अर्थसंकल्पातून, पुरवणी मागण्यांतून (वर्षाच्या मध्ये सभागृहाकडे मागितलेल्या जादा निधीतून) आणि जिल्हा नियोजन समितीतून येते. आमदाराची खरी ताकद तिथे लागते आणि मागणीही त्यासाठीच व्हायला हवी.

लग्न आणि मौतीला जाणे मी निरर्थक मानत नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी आमदार गेले आणि चटईवर बसून त्यांनी फक्त सांत्वन केले, तर ती माणुसकी झाली. पण त्याच वेळी त्यांनी सातबारा कोणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, हे विचारले तर ते काम झाले. एक लाख रुपयांच्या मदतीचे प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे पात्र-अपात्र ठरते ते याच कागदांवर, आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असलेल्या विधवेला हे कोणीतरी वेळेत सांगावे लागते.

आता आपण काय करावे. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला यांसाठी आमदारांकडे जाऊ नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने या दाखल्यांना मुदत आहे आणि मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. इतर तक्रारींसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. ज्या तक्रारीत खालचा अधिकारी नियमाने अडला आहे, किंवा जी अडचण एका घराची नसून अनेक गावांची आहे, ती आमदारांकडे न्या आणि नेताना नुसते तोंडी सांगू नका. निवेदन एक पानाचे असावे, सोबत आधीच्या अर्जांच्या आवक क्रमांक असलेल्या प्रती असाव्यात आणि आमदारांच्या कार्यालयातूनही पोच घ्यावी. आमच्याकडे आलेल्या शेकडो निवेदनांतून अधिवेशनासाठी जी निवडली जात, ती बहुतेक अशीच असत, कारण त्यांवरून थेट प्रश्न लिहिता येत असे.

आणखी एक मागणी मी आग्रहाने करायला सांगेन. पंचायत समितीची वार्षिक आमसभा आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते. सर्व खात्यांचे तालुका अधिकारी तिथे समोर बसतात आणि कोणीही साधा गावकरी उठून त्यांना सर्वांदेखत विचारू शकतो. अनेक तालुक्यांत ही सभा वर्षानुवर्षे होत नाही आणि तिच्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. आपल्या तालुक्याची शेवटची आमसभा कधी झाली, हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा. पुढची कधी घेणार, हे आमदारांना विचारा.

आमदारांचे सभागृहातील काम तपासायचे असेल तर विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. त्यांत त्यांचे नाव आणि आपल्या तालुक्याचे नाव शोधा. एवढे लक्षात ठेवा की, आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. तेव्हा त्यांच्या खात्याच्या उत्तरांत आपला जिल्हा कुठे येतो ते पाहावे लागेल.